गरम पंपाचं सील थंड कसं ठेवायचं : मेंटेनन्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

बडोद्याच्या आसपास नोकरीला लागलेल्या मेकॅनिकलवाल्याच्या वाट्याला पहिल्या वर्षात एखादा तरी गरम पंप येतोच. नंदेसरीत थर्मिक फ्लुइडचा (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाचा), बाजव्याकडे बॉयलर फीड वॉटरचा. आणि कोयलीला तर १९६५ पासून रिफायनरीच आहे, तिथे गरम तेलाला काय तोटा! पंप कुठलाही असो, तक्रार एकच: "सील गळतंय." मग स्टोअरमधून नवं सील निघतं, फिटर ते बसवतो, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. अशा वेळी सील बनवणाऱ्याला शिव्या घालायची पद्धत आहे. माझं सांगणं इतकंच की शिव्या राखून ठेवा आणि आधी सीलपासून निघालेली नळी धरून कूलरपर्यंत जा. माझ्या पाहण्यात गरम पंपाचा दोषी बहुतेक वेळा त्या नळीत, तिच्यात अडकलेल्या हवेत किंवा कूलरच्या पाण्यात सापडतो.

थंड करायचं म्हणजे नेमकं काय

मेकॅनिकल सीलमध्ये दोन अतिशय गुळगुळीत चकत्या एकमेकींवर टेकलेल्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर. बहुधा एक कार्बनची, दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. कारखान्यात त्यांना सरसकट 'फेस' म्हणतात. या दोघींमध्ये पंपातल्याच द्रवाचा जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा पदर असतो. तोच वंगण, तोच कूलंट. हा पदर द्रव राहिला तर सील वर्षानुवर्षं चालतं. त्याची वाफ झाली की चकत्या कोरड्या घासतात, आणि मग खेळ फार वेळ टिकत नाही.

म्हणून "पंप किती गरम आहे?" हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा: सील चेंबरमध्ये, म्हणजे सील बसतं त्या पोकळीत, जो दाब आहे, त्या दाबाला हा द्रव कितीला उकळेल, आणि आपण त्याच्या किती अलीकडे आहोत?

पाण्याचंच घ्या. १५० डिग्रीचं पाणी द्रव ठेवायला सुमारे ४.८ बार (अॅब्सोल्यूट) दाब लागतो, १८० डिग्रीला सुमारे १०. समजा, १८० डिग्रीच्या फीड वॉटर पंपाच्या सील चेंबरमध्ये गेजवर १२ बार आहे, म्हणजे अॅब्सोल्यूट १३. त्या दाबाला पाणी साधारण १९२ डिग्रीला उकळतं. हातात उरले जेमतेम १२ डिग्री, आणि चकत्यांच्या घर्षणाने तेवढी उष्णता तर आतच तयार होते. हिशेबाला निदान २० डिग्रीची मोकळीक धरावी असा या धंद्यातला रिवाज आहे. तेच चेंबरमधलं पाणी ७० डिग्रीवर आणून ठेवलं तर १२० डिग्रीची मोकळीक मिळते.

पाण्याची आणखी एक खोड आहे. गरम झालं की ते फार पातळ होतं. २० डिग्रीला त्याची व्हिस्कॉसिटी १ सेंटिपॉइज, ८० ला ०.३५ च्या आसपास, १८० ला ०.१५. म्हणजे उकळलं नाही तरी वंगण म्हणून ते कुचकामीच. म्हणून ८० डिग्रीच्या वरचं पाणी असलं की सीलला थंडावा द्यायचाच, असं समजून चाला.

ओ-रिंगचं गणित वेगळं, पण थोडक्यात सांगण्यासारखं. विटॉन तेलात साधारण २०० पर्यंत तग धरतं, गरम पाण्यात मात्र त्याचा भरवसा नाही. ईपीडीएम गरम पाण्याला चांगलं, पण खनिज तेल लागलं की फुगून बसतं. कॅल्रेझसारखं परफ्लुओरो रबर विटॉनहूनही वर जातं, किंमतही तशीच वर जाते. अगदी गरम तेलाला रबर सोडून द्यायचं आणि धातूची बेलोज (भात्यासारखी घड्यांची स्प्रिंग) व ग्रॅफाइटची पॅकिंग असलेलं सील घ्यायचं.

पहिलं काम: आकडे आणि नळी

वहीत इतकं उतरवून घ्या: द्रव कोणता, तापमान, सक्शनचा दाब, डिस्चार्जचा दाब, आरपीएम, आणि सीलच्या ड्रॉइंगवरचा नंबर. सील चेंबरचा दाब नेमप्लेटवर नसतो. तो सक्शन आणि डिस्चार्जच्या मध्ये कुठेतरी असतो; एका इंपेलरच्या साध्या पंपात बहुधा सक्शनच्या जवळ. टॅपिंग असेल तर शटडाऊनमध्ये तिथे गेज लावून घ्या. अंदाजापेक्षा गेज बरा.

मग नळी बघा. कुठून निघाली, कुठे गेली. एपीआय ६८२ हे सीलचं स्टँडर्ड पहिल्यांदा १९९४ मध्ये आलं आणि त्यातले 'प्लॅन' म्हणजे सीलच्या नळ्यांच्या मांडणीचे नंबर आज प्रत्येक सीलवाला बोलीभाषेसारखे वापरतो. सगळे पाठ करायची गरज नाही. डिस्चार्जकडून नळी निघून ऑरिफिसमधून (प्रवाह आवरणाऱ्या बारीक भोकातून) थेट ग्लँडला, म्हणजे सीलच्या बाहेरच्या झाकणाला आली, मध्ये कूलर नाही, तर प्लॅन ११. तो थंड करत नाही, फक्त ताजा द्रव फिरवतो. डिस्चार्ज, ऑरिफिस, कूलर, ग्लँड अशी आली तर प्लॅन २१. ग्लँडमधूनच निघून कूलरमधून फिरून परत ग्लँडलाच आली तर प्लॅन २३. बाहेरच्या टाकीतून वेगळाच स्वच्छ द्रव येत असेल तर ३२. आणि ग्लँडच्या बाहेरच्या अंगाला स्टीमची बारीक लाइन दिसली तर ६२. काही जुन्या पंपांत नुसतं सील चेंबरभोवतीचं पाण्याचं जॅकेट असतं. त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका, आतला द्रव फिरत नसेल तर जॅकेटचा गारवा चकत्यांपर्यंत फारसा पोचत नाही.

२१ की २३

इथे थोडं थांबतो, कारण पैसा आणि पाणी दोन्ही इथेच वाया जातं.

प्लॅन २१ मध्ये डिस्चार्जचं १८० डिग्रीचं पाणी घ्यायचं, कूलरमध्ये ७० वर आणायचं, सीलवर सोडायचं. तिथून ते थ्रोट बुशमधून (चेंबर आणि इंपेलर यांच्यातल्या बुशमधून) परत पंपात जातं आणि पुन्हा गरम होतं. दर मिनिटाला ८ लिटर फिरतंय असं धरा. १८० डिग्रीला त्याचं वजन सुमारे ७ किलो. ११० डिग्री उतरवायला कूलरला जवळपास ५५ किलोवॅट उष्णता काढावी लागते. कूलिंग वॉटर १० डिग्रीने तापू द्यायचं ठरवलं तर मिनिटाला ८० लिटर पाणी हवं! एका सीलसाठी.

प्लॅन २३ मध्ये तेच पाणी गोल गोल फिरत राहतं. एकदा थंड झालं की कूलरला काढायची असते ती फक्त चकत्यांची घर्षणाची उष्णता आणि पंपाच्या केसिंगकडून झिरपत येणारी उष्णता. मध्यम आकाराच्या पंपाला दोन्ही मिळून ४ किलोवॅट धरले तर मिनिटाला ६ लिटर पाण्यात काम भागतं. शिवाय कूलर कमी तापतो, म्हणजे त्यात क्षारही कमी बसतो. गरम पाण्याला माझं मत सरळ २३ च्या बाजूने आहे.

अर्थात २३ ची एक अट आहे. द्रव फिरवायला सीलवरच एक पंपिंग रिंग असते आणि तिचा जोर अगदी बेताचा. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २९०० आरपीएमला जेवढा, त्याच्या चौथाई १४५० ला. म्हणून चार पोलच्या मोटरवर किंवा व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) वेग उतरवलेल्या पंपावर २३ नीट चालेल का, हे सीलवाल्याकडून लेखी घ्या. रिंग एका दिशेची असेल तर मोटरची दिशाही तपासा. जाड तेलालाही २३ जड जातो.

नळी टाकताना

प्लॅन २३ ची नळी टाकणं हे फिटरवर सोपवून चहाला जायचं काम नाही. उभं राहून करून घ्या.

कूलर पंपाच्या शाफ्टपेक्षा वर, अर्धा मीटरभर, आणि ग्लँडपासून शक्यतो मीटरभराच्या आत. वर का? पंप बंद असताना पंपिंग रिंग फिरत नाही, पण गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर कूलरमध्ये चढतं आणि गार झालेलं खाली उतरतं. स्टँडबाय पंप गरम उभा असतो तेव्हा त्याच्या सीलला वाचवणारं दुसरं काही नसतं. जागा नाही म्हणून कूलर बेसप्लेटच्या बाजूला जमिनीवर ठेवलेला मी पाहिलाय. दिसायला फार व्यवस्थित, पण स्टँडबायचं सील त्यात उकडून निघतं.

नळी पाऊण इंची, अर्धा इंची नको. ग्लँडच्या वरच्या तोंडातून बाहेर, सलग चढत कूलरकडे, आणि कूलरमधून सलग उतरत परत. मध्ये कुठेही उंटाची पाठ नको, कारण तिथे हवा अडकते आणि पंपिंग रिंगच्या बेताच्या जोराला ती ढकलता येत नाही. एल्बो टाळा, नळी बेंडरवर लांब वळण घेऊन वाकवा. सगळ्यात उंच जागी व्हेंट, सगळ्यात खाली ड्रेन.

कूलिंग वॉटर कूलरमध्ये खालून आत, वरून बाहेर. पाणी कमी-जास्त करायचं तर पाणी बाहेर पडतं त्या बाजूच्या वाल्वने करा, म्हणजे कूलर कायम भरलेला राहतो. आणि हे लाल शाईने लिहून ठेवा: गरम बाजू चालू असताना पाण्याचे दोन्ही वाल्व एकदम बंद करायचे नाहीत. आत कोंडलेलं पाणी तापून कूलर फाडू शकतं. तिथे रिलीफ वाल्व आहे का, हे आजच बघून या.

थ्रोट बुश विसरू नका. सील चेंबर आणि इंपेलर यांच्यातली ही साधी बुश झिजली की पंपातलं गरम पाणी चेंबरमध्ये मोकळं ये-जा करतं आणि कूलर बिचारा पूर्ण पंप थंड करायला बसतो. ओव्हरहॉलमध्ये तिचा क्लिअरन्स मोजल्याशिवाय पंप पुन्हा जोडू देऊ नका.

पंप चालू करताना

क्रम महत्त्वाचा. आधी कूलिंग वॉटर. वाल्व उघडलेला बघून समाधान मानायचं नाही. आमच्याकडे हेल्परला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पाणी चालू छे, साहेब." त्याचं खरंच असतं, वाल्व उघडाच असतो. पाणी वाहतंय का, हा प्रश्न वेगळा. पाण्याचं तोंड ड्रेनमध्ये उघडं असेल तर दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. बादली ७५ सेकंदांत भरली तर मिनिटाला ८ लिटर. लाइन बंद रिटर्नला गेली असेल तर साइट ग्लासची भिंगरी किंवा फ्लोमीटर बघा, आणि ते नसेल तर बसवायची मागणी टाका.

मग पंप आणि सीलची लाइन भरा, व्हेंट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. हे काम थंड असतानाच. १८० डिग्रीच्या लाइनचा व्हेंट उघडला तर बाहेर पाणी येत नाही, वाफेचा फटकारा येतो. नाइलाजाने गरम असताना हवा काढायची वेळ आली तर व्हेंट पाइपने सुरक्षित जागी नेलेला हवा, फेसशील्ड, हातमोजे हवेत आणि परमिट हवं.

कार्ट्रिज सील (आधीच जुळवून एकसंध आलेलं) असेल तर ते जागेवर धरणाऱ्या सेटिंग क्लिप काढल्यात का, ते हाताने चाचपून खात्री करा. शाफ्ट हाताने फिरवून बघा. नंतर वॉर्म-अप लाइनने पंप हळूहळू तापवा. किती वेगाने, ते पंपाच्या मॅन्युअलमध्ये असतं. केसिंगच्या वर आणि खाली दोन्हीकडे तापमान बघा, वर गरम आणि खाली गार असेल तर शाफ्ट वाकलेला असू शकतो. सगळीकडे सारखं तापल्यावरच बटण दाबा. बंद करताना उलटं: पंप थांबला तरी पाणी चालूच ठेवा. गरम पंप थांबवून लगेच पाणी बंद करणारे महाभाग प्रत्येक शिफ्टमध्ये एक असतात.

नळ्यांची नाडी

पंप स्थिरावला की चार जागांचं तापमान घ्या: ग्लँडमधून कूलरकडे जाणारी नळी, कूलरमधून परतणारी नळी, कूलिंग वॉटर आत, कूलिंग वॉटर बाहेर. आयआर गनने चकचकीत स्टेनलेस नळीवर थेट मारू नका. चकाकी त्या बंदुकीला फसवते. खरं तापमान १२० असताना ती ६० च्या आसपास दाखवू शकते, आणि आपण खुशीत रजिस्टर भरतो. नळीवर उष्णता सोसणारी काळी टेप गुंडाळा किंवा मॅट काळा रंग मारा आणि तिथेच मोजा. नाहीतर टेकवायचा थर्मामीटर वापरा.

२३ ठीक चालत असेल तर जाणारी आणि येणारी नळी यांत साधारण १० ते २० डिग्रीचा फरक दिसतो, समजा ६५ आणि ५०. ग्लँडजवळ चटका बसतोय आणि पुढे नळी थंडगार आहे, तर द्रव फिरतच नाही: हवा अडकली आहे किंवा पंपिंग रिंग काम करत नाही. दोन्ही नळ्या भरपूर गरम, आणि पाणी जसं आत गेलं तसंच जवळपास बाहेर आलं, तर कूलरमध्ये थर बसलाय. दोन्ही गरम आणि पाणीही फार तापून बाहेर येतंय, तर पाणी कमी पडतंय किंवा थ्रोट बुश गेली आहे. कूलर किती उष्णता काढतोय याचा सोपा हिशेब: मिनिटाचे लिटर गुणिले पाण्याची तापमानवाढ गुणिले ०.०७ केलं की किलोवॅट मिळतात. ६ लिटर, १० डिग्री, म्हणजे ४.२. पंप नवा असताना हा आकडा लिहून ठेवला तर पुढे तो दुप्पट झाल्यावर थ्रोट बुशवर संशय घेता येतो.

पाणी

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव उलटा: पाणी तापलं की ते विरघळायच्या ऐवजी बाहेर पडतं, आणि नेमकं सगळ्यात गरम भिंतीवर, म्हणजे कूलरच्या ट्यूबवर, बसतं. म्हणून पाणी वाचवायच्या नादात वाल्व चिमटून ठेवला तर बाहेर पडणारं पाणी जास्त तापतं आणि थर जोरात बसतो. थर काढायला सल्फॅमिक किंवा सायट्रिक अॅसिड वापरा. दुकानात सहज मिळणारं हायड्रोक्लोरिक स्टेनलेस ट्यूबमध्ये घालू नका, क्लोराइडने तिला बारीक भोकं पडतात.

आणखी एक. मे महिन्यात ४२-४३ डिग्री झालं की सगळे कूलिंग टॉवरच्या नावाने ओरडतात. पण टॉवरचं पाणी वेट बल्बवर (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या तापमानावर) चालतं, आणि बडोद्यात वेट बल्ब मेच्या कोरड्या उन्हापेक्षा जूनअखेर-जुलैच्या घामट दिवसांत जास्त असतो. कूलरची तपासणी मेच्या आधी करून पावसाळ्यात निर्धास्त बसू नका.

तेल असेल तर

थर्मिक फ्लुइड आणि जड तेलं यांची अडचण वेगळी. २५०-३०० डिग्रीला ही तेलं सहसा उकळत नाहीत. पण चकत्यांमधून झिरपलेला थेंब बाहेर हवेला लागला की ऑक्सिजनने करपतो आणि कढईच्या काठाला लागलेल्या गुळासारखा काळा, कडक थर बनतो. तो बेलोजच्या घड्यांत भरला की बेलोज हलायची थांबते, आणि चकत्या उघड्याच राहतात. यावर इलाज म्हणजे बाहेरच्या अंगाला हवा येऊच द्यायची नाही: प्लॅन ६२ ने स्टीम किंवा नायट्रोजन. स्टीम कमी दाबाची, अर्धा बारसुद्धा जास्त होते. ती कोरडी हवी. लाइनमधलं कंडेन्सेट आधी पूर्ण काढा, ट्रॅप चालतोय का बघा. गरम बेलोजवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर तो तिथल्या तिथे वाफ होऊन धक्का देतो. आणि स्टीम जास्त सोडली तर ती बेअरिंग हाउसिंगमध्ये शिरून तेलाचं दूध करते.

गळणाऱ्या थर्मिक पंपाचं लॅगिंग तेलाने भिजलं असेल तर ते त्याच दिवशी काढून टाका. लोकरीसारख्या इन्सुलेशनमध्ये जिरलेलं तेल आतल्या आत तापत जाऊन आपणहून पेट घेतं, आणि नुसत्या तेलापेक्षा कमी तापमानाला घेतं.

सील निघाल्यावर

सील काढलं की लगेच पुसू नका. आधी फोटो. कडक चकतीवर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या बारीक भेगा म्हणजे कोरडं घासून तापली आणि एकदम गार झाली. कार्बनच्या कडा चावल्यासारख्या तुटलेल्या, आणि चालताना ग्लँडमधून थांबून थांबून फुस्स आवाज येत होता, तर द्रव चकत्यांमध्येच उकळत होता. कार्बनवर फोड आले असतील तर बहुधा जाड तेलात थंड स्टार्ट वारंवार झाले आहेत; तिथे वॉर्म-अप बघा. ओ-रिंग नखाने दाबली आणि कडक होऊन मोडली, तर तापमान तिच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. बाहेरच्या अंगाला पांढरी भुकटी म्हणजे पाण्यातला क्षार. काळा कोळसा म्हणजे क्वेंच (प्लॅन ६२ ची स्टीम किंवा नायट्रोजन) चालत नव्हता.

सगळे तुकडे एका पिशवीत घाला. टॅगवर पंप नंबर, तारीख आणि शेवटच्या आठवड्यातली ती चार तापमानं लिहा. सीलवाल्याचा माणूस आला की त्याला आधी ही पिशवी आणि नळीचा फोटो द्या, मग पुढची ऑर्डर बोला. त्याने नळीकडे न बघताच जास्त महाग मटेरियल सुचवलं, तर त्याला चहा पाजा आणि ऑर्डर थांबवून ठेवा.